ग्लायकोलिसिस घोकण्याआधी

अगं, ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडण्याच्या, १० पायऱ्या घोकत बसू नकोस. लगाम तीनच विकरांच्या (एन्झाइम्सच्या) हाती आहे: हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि पायरुवेट कायनेज. सुरुवात यकृतापासून कर. रात्री इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत जिलबी खाल्लीस (एकावर कोण थांबतं म्हणा!) की रक्तातली साखर चढते आणि यकृतातलं ग्लुकोकायनेज (हेक्सोकायनेजचंच तिथलं रूप) जोमाने कामाला लागतं. साखर उतरली की ते जवळजवळ स्वस्थ. मेंदूतलं हेक्सोकायनेज मात्र थोडक्या ग्लुकोजवरही जवळपास पूर्ण वेगाने चालतं, म्हणून उपाशीपोटी यकृत मेंदूचा वाटा पळवत नाही. एवढं उमगलं की इन्शुलिन-ग्लुकागॉन (साखर उतरवणारं आणि चढवणारं संप्रेरक) जड जात नाही. आणि हो, स्नायूंत ग्लुकोज-६-फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून ग्लुकोज मोकळं करणारं विकर) नसतं, त्यामुळे तिथलं ग्लायकोजेन (साठवलेलं ग्लुकोज) रक्ताला थेट साखर पुरवू शकत नाही. तोंडी परीक्षेत हे विचारतातच.