तारखेची सुट्टी आधी माग

बाळ,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. कोल्हापुरातल्या कळंब्याच्या कारागृहातून सुटलेल्यांना काम मिळावं म्हणून तू शिरोलीच्या फाउंड्रीत गेलीस, मालक नुसतं "बघू" म्हणाले आणि तू हिरमुसलीस. पुन्हा जा. मात्र या वेळी नोकरीच्या आधी कोर्टाच्या तारखेची सुट्टी माग.

सुटून येणारा प्रत्येक जण शिक्षा भोगून आलेला नसतो. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत सुमारे ७६ टक्के बंदी कच्चे, म्हणजे निकाल न लागलेले होते. असा माणूस जामिनावर बाहेर येतो, खटला चालूच राहतो. कोर्टाच्या तारखा येत राहतात, कुणाला पोलीस ठाण्यात हजेरीही द्यावी लागते. फेटलिंगवर, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या कामावर, नवीन लागलेल्याचे महिन्यात दोन-तीन खाडे झाले की मुकादम दुसरा माणूस उभा करतो. आणि तारीख चुकवली तर वॉरंट निघतं.

मोल्डिंगवर छान हात बसलेला एक पोरगा माझ्यामुळे कामावरून गेला. तारखेला जाताना तो लाजेनं "पोट दुखतंय" म्हणायचा. तिसऱ्या खाड्याला काढला त्याला. "आधी कळलं असतं तर पाळी बदलून दिली असती," मुकादम नंतर म्हणाला. मी मालकाला भेटलो होतो, मुकादमाला नाही. ती बोच अजून आहे. शब्द मालक देतात, पण कामावर ठेवणारा ठेकेदार आणि सांभाळणारा मुकादम. या दोघांशी बोलल्याशिवाय माणूस पाठवू नकोस. गुन्ह्याबद्दल किती सांगायचं, ते मात्र त्या माणसाला विचारूनच ठरव.

बाकीची माणसंही जोडून घे. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकाकडून पुढची तारीख आधीच कळते. सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचं काम बघणाऱ्या जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना भेट. आधार आणि बँक खात्याचं काम सुटकेआधीच लागलं तर फार बरं, नाहीतर पहिला पगार अडकतो. शिरोलीजवळ भाड्यानं खोली देणारं एखादं घर मिळालं तर मला लगेच कळव. सगळ्यात अवघड तेच आहे.

आपल्या गावाला हे नवीन नाही गं. फासेपारध्यांसारख्या जमातींवर चोरीचा शिक्का मारून त्यांना रोज हजेरी द्यायला लावत. शाहू महाराजांनी १९१८ साली ती हजेरी बंद केली आणि त्यांच्यातल्या माणसांना पहाऱ्याचं काम दिलं. हजेरी काढली आणि हाताला कामही दिलं, म्हणून मला ते मोठं वाटतं. जामिनाची हजेरी तुला-मला काढता येणार नाही. पण तिची वेळ पाळीच्या आड येऊ नये, एवढं बघता येईल. पाळीची अडचण असेल तर वकिलामार्फत कोर्टाकडे वेळ बदलून मागता येते.

मंगळवारी दुपारी पाळी बदलायच्या वेळेला फाउंड्रीच्या गेटवर ये. मुकादमाची ओळख करून देतो. येताना, ज्याला आता कामाला लावायचंय त्या पोराच्या पुढच्या तारखा कागदावर लिहून आण.

तुझा,
काका