‘अ ख्रिसमस कॅरल’वरचा कोणता ॲनिमेशनपट सात वर्षांच्या मुलीला दाखवावा? ती घाबरणार नाही असा कोणता आहे?

रिचर्ड विल्यम्सचा, १९७१चा. जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे. आणि मुलगी घाबरेल. थोडं घाबरायलाच हवं, चार्ल्स डिकन्सची ती भुतांची गोष्ट आहे: स्क्रूज नावाच्या चिक्कू म्हाताऱ्याला नाताळच्या आदल्या रात्री आधी त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लीचं भूत भेटतं आणि मग आणखी तीन भुतं.

तीन वर्षांपूर्वी वसईला आमच्या घरी नाताळच्या आदल्या रात्री, चर्चमध्ये मिस्साला निघायला वेळ होता म्हणून मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि पोरांना हाच सिनेमा लावून दिला. पुतण्या तेव्हा सात वर्षांचाच. मार्लीचं भूत डोक्याभोवती बांधलेलं फडकं सोडतं आणि त्याचा जबडा खाली लोंबतो. ते बघून पुतण्याने स्वतःची हनुवटी दोन्ही हातांनी घट्ट धरली, ती सोडेचना. पण उठून गेला नाही, डोळेही झाकले नाहीत.

मग त्या तिघांतलं दुसरं भूत झगा बाजूला सारतं आणि आत दोन पोरं दिसतात, हाडांची काडं झालेली. मुलगा म्हणजे अज्ञान, मुलगी म्हणजे दैन्य. दादाने नेमका तिथे रिमोट उचलला. “सणासुदीला पोरांना हे काय दाखवतोस?” टीव्ही बंद. मग त्याने मिकी माऊसचा १९८३चा लावला. त्यात मार्लीच्या जागी गूफी आहे, तो जिन्यावरून गडगडला, पोरं खिदळली. दादा म्हणाला, “बघ, याला म्हणतात मुलांचा सिनेमा.”

दुसऱ्या दिवशी मी नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातला दिवा ठीक करत होतो. पुतण्या शेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “काका, त्या झग्यातल्या दोघांना जेवायला मिळालं का?”

मिकीच्या सिनेमात ती दोन पोरं नाहीतच. माझं भांडण त्यावरूनच आहे. डिकन्स बारा वर्षांचा असताना बाप कर्जापायी तुरुंगात होता आणि हा बुटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता. १८४३ साली कारखान्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल वाचून तो इतका पेटला की आधी त्यावर पत्रकच काढणार होता. त्याऐवजी ही गोष्ट लिहिली, त्याच वर्षी १९ डिसेंबरला छापून आली. भूत स्क्रूजचेच शब्द त्याच्या तोंडावर मारतं: तुरुंग नाहीत का, गरिबांना राबवून घेणारी कामघरं नाहीत का? हे काढलं की उरतो एक चिक्कू म्हातारा, जो सकाळी टर्की विकत घेतो.

विल्यम्सने ते काढलं नाही. जॉन लीचने पहिल्या आवृत्तीसाठी काढलेली चित्रं समोर ठेवून त्याने ती जुन्या कोरीव चित्रांसारखी रेघन् रेघ हलती केली. मार्लीनंतर येणारं पहिलं भूत तर पुस्तकात आहे तसंच थरथरतं, एकाच वेळी म्हातारं आणि पोर. त्याला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. २००९चा जिम कॅरीवाला मला मुळीच आवडत नाही. ती दोन पोरं त्यात आहेत, पण स्क्रूज चंद्रापर्यंत उडतो, उंदराएवढा होऊन प्रेताच्या गाडीपुढे पळतो, आणि या धावपळीत त्यांच्याकडे बघायला उसंतच मिळत नाही.

हो, विल्यम्सच्या सिनेमातलं इंग्रजी जुन्या वळणाचं आणि भरभर आहे, तेव्हा शेजारी बसून मराठीत सांगत जा. झोपायच्या तोंडावर लावू नका. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर यंदा राहू द्या, टायनी टिम या आजारी पोराचा भाग जड जातो. पण एकदा लावलात की मध्येच बंद करू नका. अर्ध्यावर तुटलेली भीती पोराच्या मनात तशीच राहते. शेवटी स्क्रूज सुधारतो हे पुतण्याला दोन दिवसांनी मी दाखवलं, दादा कामावर गेल्यावर.

पुतण्या आता दहा वर्षांचा आहे. यंदा २४ तारखेला लॅपटॉप तो स्वतः जोडणार आहे, आणि बाबांना समोर बसवणार आहे म्हणतो.