समजावत बसू नकोस, वाजव

डिचोली, गोवा

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या शहरातल्या रस्त्यावरच्या उत्सवात आपल्या मंडळींनी हिंदी चित्रपटगीतांवर नाच बसवायचे ठरवले आहे, मातीच्या मडक्याला कातडे ताणून केलेले आपले घुमट वाजवायला काढले तर त्यातले कोणाला काय कळणार, आधी माहितीचा फलक लावावा लागेल, त्यापेक्षा कडेला उभे राहून बघितलेले बरे, असे तू लिहितेस. हे शेवटचे वाक्य मला मुळीच रुचले नाही. समजावत बसू नकोस, वाजव.

फाल्गुनातल्या शिगम्याच्या सणात नाचत-वाजवत निघणारा रोमटामेळ पणजीच्या रस्त्यावर येतो तेव्हा दुतर्फा उभ्या असलेल्या पर्यटकांना मांड म्हणजे काय, नमन कशासाठी, हे कोण सांगत बसते? ढोल-ताशे कडाडतात, ‘ओस्सय’चा गजर होतो आणि बघणाऱ्यांचे पाय आपोआप हलू लागतात.

तू राहतेस त्याच देशातला दाखला देतो. १९५८ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांवर जमावांनी हल्ले केले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९५९ मध्ये, त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार क्लॉडिया जोन्स यांनी सेंट पॅनक्रास टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. पुढे नॉटिंग हिलमध्येच रस्त्यावरचा उत्सव सुरू झाला, स्टीलपॅनवाले वाजवत निघाले आणि लोक त्यांच्यामागून चालू लागले. ते स्टीलपॅन तरी कुठून आले? इंग्रज सत्तेने १८८० च्या दशकात त्रिनिदादमध्ये ढोलांवर बंधने घातली, तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला आणि पुढच्या पिढ्यांनी तेलाची पिंपे ठोकून सुरात आणली. समोरच्याला पटेपर्यंत ते थांबले असते तर आज लंडनच्या रस्त्यावर काय वाजले असते, याचा तूच विचार कर.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. परदेशी असताना आमच्या मंडळानेही असाच नाच बसवला होता. मी घुमट खाली ठेवायला नकार दिला आणि शेवटी मंडळ सोडले. त्यात काही मित्र दुरावले ते कायमचेच, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. पण निर्णय योग्यच होता, कारण चित्रपटगीते तिथे आपल्याशिवायही वाजणारच होती, घुमट मात्र आपण वाजवले नसते तर दुसरे कोणी वाजवणार नव्हते.

आता कामाचे. घोरपडीचे कातडे असलेले घरातले जुने घुमट नेऊ नकोस; घोरपडीला कायद्याचे संरक्षण आहे. बकऱ्याच्या कातड्याचे ने. तिकडच्या दमट हवेत कातडे सैल पडते, म्हणून वाजवण्यापूर्वी त्याला ऊब दे; मागचे अरुंद तोंड डाव्या तळव्याने उघडझाप करताना जो घुमारा निघतो, तो सैल कातड्यातून कधीच निघत नाही. साथीला काठ्यांनी वाजवायचे शामेळ आणि झांजांसारखे कासाळे हवेत, म्हणजे आणखी दोघे तयार झाले तरी पुरे. हात बसेपर्यंत रोज तालीम करा. कच्च्या तालमीने रस्त्यावर उतरलेले मला चालणार नाही. नाच बसवणाऱ्यांशी वाद घालू नकोस, त्यांना त्यांचे करू दे. आयोजकांकडे वेगळ्या मेळासाठी जागा मात्र याच आठवड्यात माग, आणि अर्जात वाद्याची माहिती विचारली असेल तिथे एक ओळ लिहून पुढे जा.

तुझा,
काका