इंपीरियल काउंटीत (कॅलिफोर्निया) पणजोबांचं 1904 चं खरेदीखत का सापडत नाही?

सॅन डिएगो काउंटीच्या रेकॉर्डर ऑफिसात शोधा. 1904 मध्ये इंपीरियल काउंटी अस्तित्वातच नव्हती. सॅन डिएगोचा पूर्वभाग तोडून ती 1907 मध्ये झाली, कॅलिफोर्नियातली सगळ्यात शेवटची. त्यामुळे जमीन आज इंपीरियल काउंटीतल्या एल सेंट्रो शहराजवळ असली तरी तेव्हाची नोंद जुन्या काउंटीत. 1900 ची जनगणनाही सॅन डिएगोखालीच चाळा. मात्र जमीन थेट सरकारकडून मिळाली असेल, तर मूळ पट्टा काउंटीकडे नव्हे, फेडरल जनरल लँड ऑफिसच्या दप्तरात. तो ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या (आता हे दप्तर सांभाळणारं फेडरल खातं) साइटवर फुकट बघता येतो. तिथे आडनावाच्या भरवशावर राहू नका (कारकुनांनी स्पेलिंगची पार वाट लावलेली असते), टाउनशिप, रेंज आणि सेक्शनचे (अमेरिकी सरकारी मोजणीत जमिनीची जागा दाखवणारे) आकडे टाका.