लिनक्स बसवण्याआधी

धरमपेठ, नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालणार नाही असे बर्डीवरच्या दुकानदाराने सांगितले, म्हणून विंडोजच्या जागी संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली घ्यायची तर सर्वांत चांगले लिनक्स कोणते, असे तू विचारले आहेस. दुकानदाराचे म्हणणे खरे असू शकते, कारण विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर आवश्यक केले आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. परंतु तेवढ्यावरून धडधाकट यंत्र भंगारात काढण्याचे कारण नाही. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे पुढे देतो, कारण या यंत्रावर तू नेमकी कोणती कामे करतेस हे आधी कागदावर उतरल्याशिवाय ते उत्तर तुझ्या उपयोगाचे नाही.

ब्राउझर, ऑनलाइन वर्ग, पीडीएफ, पायथनचा सराव ही कामे लिनक्सवर सहज होतात. ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस मिळते. साधी पत्रे आणि हिशेबाचे तक्ते त्यात उत्तम होतात, मात्र वर्डमध्ये बारकाईने मांडलेल्या फाइलची मांडणी त्यात थोडी सरकू शकते. टॅली, ऑटोकॅड आणि फोटोशॉप यांच्या लिनक्ससाठी आवृत्त्या नाहीत. वाइन नावाच्या सोयीने काही विंडोज प्रोग्राम चालतात, पण ज्या कामावर परीक्षा किंवा घरच्या दुकानाचा हिशेब अवलंबून आहे, त्यासाठी मी तरी वाइनवर विसंबणार नाही. असे एकही काम यादीत असेल, तर विंडोज काढून टाकण्याचा विचार आत्ताच सोडून दे आणि दोन्ही प्रणाली शेजारी ठेवण्याचा विचार कर.

यादीत मराठी टंकलेखन नक्कीच असेल, आणि नवशिके नेमके तेच तपासायचे विसरतात. लिनक्समध्ये युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, देवनागरी फाँट सहज मिळतात आणि कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी जोडता येते. तू इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी शिकली असशील तर बोटांना नवे काही शिकवावे लागणार नाही: शिफ्टसह एन दाबले की ळ, शिफ्टसह जे दाबले की ऱ, आणि हलन्त डीवरच. ‘दुसऱ्याच्या बाळाला’ एवढे टंकून पाहा. ते नीट उमटले तर पुष्कळच तपासून झाले. खरी अडचण श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टंकलेल्या फाइलींची असते. त्यांत देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात, इतर चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात, आणि म्हणून तो फाँट नसलेल्या कोणत्याही यंत्रावर, मग ते विंडोजचे का असेना, निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अशा फाइली असतील तर विंडोज हाताशी आहे तोवरच त्या युनिकोडमध्ये उतरवून घे. पुढे कोणत्याही यंत्रावर तुला त्याचा फायदाच होईल.

आता तुझा प्रश्न. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जे जाहीर केले ते लिनक्सचे केवळ अंतरंग, म्हणजे कर्नेल. त्याभोवती इतर प्रोग्राम गुंफून निरनिराळे गट आपापली वितरणे तयार करतात. डेबियन १९९३ पासून आहे, त्यावर आधारलेले उबुंटू २००४ पासून, आणि उबुंटूवर आधारलेले लिनक्स मिंट २००६ पासून. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनेही डेबियनवरून बॉस नावाचे वितरण तयार केले. तू मिंट घे. त्याची मांडणी विंडोजच्या सवयीला जवळची आहे, आणि रॅम चार जीबीच असेल तर त्याची एक्सएफसीई नावाची साध्या पडद्याची आवृत्ती यंत्राला हलकी पडते. हा माझा कल आहे, शास्त्र नव्हे. परंतु एक निवडल्यावर काही महिने तेच वापर, कारण दर आठवड्याला वितरण बदलणारे विद्यार्थी वॉलपेपर बदलण्यापलीकडे फारसे काही शिकत नाहीत.

मिंट लगेच बसवू मात्र नकोस. आयएसओ फाइल, म्हणजे सगळे मिंट ज्या एका फाइलीत असते ती, अधिकृत ठिकाणाहूनच उतरव, तिचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे ओळखण्याची खूण, तिथे दिलेल्या आकड्याशी जुळतो का ते पाहा, आणि रूफससारख्या प्रोग्रामने ती आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिही. त्या पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाईल हे ध्यानात ठेव. लॅपटॉप सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, जी कळ तुझ्या कंपनीने ठेवली असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडलास की हार्ड डिस्कला धक्का न लावता सगळी प्रणाली समोर येते. त्यात वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे तपास. वेगावरून मत बनवू नकोस. पेन ड्राइव्हवरून ती संथच चालते. बंद केल्यावर तू केलेले बदलही सहसा राहत नाहीत, म्हणून महत्त्वाची फाइल तिथे ठेवू नकोस.

प्रत्यक्ष बसवण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घे. विंडोजमध्ये बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव, नाहीतर आपलीच डिस्क आपल्याला उघडता येत नाही. आणखी एक, जे परदेशी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही: डिस्कचे विभाजन, म्हणजे लिनक्ससाठी तिचा वेगळा भाग पाडणे, चालू असताना वीज गेली तर माहिती गमावण्याची भीती असते, आणि तुझ्या जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीवर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा मे महिन्यातल्या दुपारी, सगळ्या नागपूरचे कूलर चालू असताना, हे काम हाती घेऊ नकोस. सकाळी लवकर बस आणि शक्य असेल तर इन्व्हर्टरवर. बसवून झाल्यावर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट या प्रोग्राममध्ये प्रणालीची स्थिती साठवून ठेव, म्हणजे काही बिघडले तर तिथे परतता येते. सूडोने, म्हणजे यंत्रावरचे पूर्ण अधिकार देणाऱ्या शब्दाने, सुरू होणारी आज्ञा कोणी सुचवली तर ती काय करते हे समजल्याखेरीज चालवू नकोस, सुचवणारा मी असलो तरी.

पेन ड्राइव्हवरची तपासणी झाली की लॅपटॉपचे मॉडेल, रॅम, डिस्कवरील मोकळी जागा आणि जे चालले नाही ते मला लिहून पाठव. विभाजन किती जीबीचे करायचे ते त्यावरूनच ठरवू.

तुझा हितचिंतक,
सर