स्मूदी बोल की पातळ लस्सी?

प्रश्न: काकू, माझी मुलगी पुण्यात नोकरीला असते. सुट्टीला आली की पोहे-उपीट नको, स्मूदी बोल कर म्हणते, म्हणजे मिक्सरमधून काढलेली घट्ट फळं वाटीत घालून, वर फळं-दाणे ठेवून चमच्यानं खायची. तिच्या मोबाइलवरच्या फोटोत वर ठेवलेली फळं बुडत नाहीत. माझ्या वाटीत काजूसुद्धा तळाला जातात. मी केळी, चिकू, दूध आणि मध घालते. एवढं खाऊन साडेदहाला तिला परत भूक लागते. आता असाईची पावडर मागवू म्हणतेय, तिची किंमत बघून मी गप्प बसले. काय चुकतंय?
— एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर: चुकतंय ते दूध. चार घटकांतलं तेवढं बाजूला ठेवा, अर्धं काम झालं.

आमच्याकडे सांगलीत, विश्रामबागेत हा प्रकार पहिल्यांदा भाच्यानं केला. तीन केळी, एक आंबा, मूठभर द्राक्षं, वरून मध. मी आणि यांनी चाटूनपुसून खाल्लं. अकराच्या सुमारास हे भडंगाच्या डब्यात हात घालताना सापडले. मी त्याआधीच दोनदा डबा उघडला होता, त्यामुळं बोलायची सोय नव्हती. त्या वाटीत साखर आणि पाणी होतं, आणखी काय? पोटात टिकायला प्रथिनं हवीत, थोडं तेलबी हवं आणि दातांना काम हवं. घटाघटा गिळलेलं लवकर विसरलं जातं.

दुधाच्या जागी चक्का घ्या. अर्धा किलो दही रात्री मलमलच्या फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, खाली पातेलं लावून फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी निम्म्याच्या आसपास चक्का उरतो. निथळलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका, कणीक भिजवायला वापरा. श्रीखंडासाठी आपण हे वर्षानुवर्षं करतोय, फक्त इथं साखर घोटायची नाही.

दुसरी गोष्ट नाचणी. तुमच्याकडे जावळी-पाटणची नाचणी बाजारात येते, ती चांगली. दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, मग वाटीभर पाण्यात शिजवून आंबील करा आणि रात्रभर गार होऊ द्या. सकाळी ती खरवसासारखी थरथरते. शिजलेला स्टार्च गार होताना घट्ट धरतो, त्यामुळं वाटीला अंग येतं. कच्चं पीठ मात्र घालू नका, घशाला चिकटतं.

केळं पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं घ्या. चकत्या ताटलीत सुट्या पसरून फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाल्या की डब्यात भरा. आधीच डब्यात भरल्या तर त्याचा एक दगड होतो, आणि मग बत्त्यानं फोडत बसावं लागतं. मी बसलेय. स्ट्रॉबेरीचंही तसंच. महाबळेश्वरचा हंगाम चालू असताना देठं काढून, पुसून कोरड्या करून फ्रीजरमध्ये ठेवल्या की मे महिन्यात चैन होते.

आता मिक्सर. गोठलेलं केळं कोरड्या भांड्यात टाकून बटण फिरवलं की पातं एका जागी फिरतं आणि केळं भिंतीला चिकटून बसतं. एकदा माझा मिक्सर असाच मध्येच गप्प झाला. जळका वास, हे दुरुस्तीवाल्याला फोन करायला निघाले. बऱ्याच मिक्सरच्या तळाला एक लाल बटण असतं, जास्त ताण आला की ते सुटतं. प्लग काढून, मोटर गार होऊ देऊन ते दाबायचं. तेव्हा तेवढंच झालं होतं. म्हणून आधी आंबील आणि चक्का, त्यावर केळं. केळं पाच मिनिटं बाहेर ठेवलेलं. सलग फिरवू नका, उलट्या बाजूला झटके द्या आणि मध्ये उलथन्यानं खाली ढकला. पाणी घालायचा मोह होईल. घातलं की परत लस्सी.

एका माणसाला एवढं पुरतं: पाऊण वाटी चक्का, एक केळं, पाव वाटी आंबील, चमचाभर भाजून कुटलेले जवस. जवस अख्खे घातले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात, कुटायचेच. वरून मूठभर भाजलेले शेंगदाणे, थोडे फुटाणे, आटपाडीकडच्या डाळिंबाचे दाणे. एवढ्यात प्रथिनं पंधरा ग्रॅमच्या पुढे जातात. फुटाणे अगदी शेवटी, नाहीतर मऊ पडतात आणि खायची मजाच जाते.

मध नकोच. गोडाला आठ-दहा बेदाणे पुष्कळ. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहेच, पण किलोभर बेदाण्याला चारेक किलो द्राक्षं लागतात हेही ध्यानात ठेवा. म्हणजे मूठभर बेदाणे हा लहानसा घडच झाला. आणि धुऊन घ्या. द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून डिपिंग ऑइल नावाच्या तेलाच्या द्रावणात बुडवून शेडवर वाळवतात, पिवळा-हिरवा रंग राखायला गंधकाची धुरीही देतात.

राहिली असाई. ते ब्राझीलकडच्या एका ताडाच्या जातीचं जांभळं फळ. ॲमेझॉनच्या तोंडाशी, पारा प्रांतात, लोक त्याचा गर बिनसाखरेचा, कसाव्याच्या (साबुदाण्याच्या कंदाच्या) पिठाबरोबर, तळलेल्या माशाबरोबर जेवणात खातात. आपण आंबिलीबरोबर कांदा खातो तसंच म्हणा. मध आणि ग्रॅनोला (भाजलेले गोड ओट्स) घातलेली वाटी झाली ती नंतर, शहरात. जांभळा रंगच हवा असेल तर जूनमधली जांभळं बिया काढून गोठवा. पावडरीचे पैसे मुलीला मिक्सरचं नवं भांडं घ्यायला द्या.

प्रश्न: पपई आणि दह्याची स्मूदी नातवासाठी सकाळी करून ठेवली, शाळेतून आल्यावर कडू लागली. पपई तर गोड होती. दही खराब होतं का?
— एक आजोबा, मिरज

उत्तर: नाही हो आजोबा, दही बिचारं चांगलं होतं. पपईत पपेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधादह्यातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि त्यातले काही तुकडे कडू असतात. जितका वेळ ठेवाल तितकं कडू. अननस आणि किवीतही असली एन्झाइमं आहेत. म्हणूनच अननसाचं रायतं करताना फोडी साखरेत शिजवून घेतात. उष्णतेनं एन्झाइम मरतं, मग दह्यात घातलं तरी चालतं. पपई शिजवायची नसेल तर नातू दारात चपला काढत असताना फोडी करा, नुसत्या चक्क्यावर ठेवा आणि वाटी त्याच्या हातात द्या.