फोटो निळे का येतात आणि प्रवाळावर उभं राहायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मित्रमंडळी मालवणला स्नॉर्कलिंगला गेलेलो, ॲक्शन कॅमेरा भाड्यानं घेतला, पण फोटो सगळे नुसते हिरवेनिळे आलेत. एकानं तर आम्हाला खडकावर उभं करून फोटो काढला, नंतर कळलं ते प्रवाळ होतं. हे फोटो स्टेटसला टाकण्यापलीकडं कुणाच्या कामाचे आहेत का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आहेत की! पण आधी रंगाचं बघू. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं, चार-पाच मीटर खाली गेलं की लाल जवळपास संपलाच, म्हणून झूम करू नका, शक्य तेवढं जवळ जा (हात न लावता हं), व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातलं रंग जुळवायचं सेटिंग) पाण्यात उतरल्यावर सेट करा आणि फ्लॅश बंदच ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या गढूळ पाण्यात फोटोभर पांढरे ठिपके.

आता गंमत अशी की घरी येऊन ॲपमध्ये रंग 'सुधारले' की फोटो भारी दिसतो, पण प्रवाळाचा खरा रंग कळायची सोय जाते, आणि अभ्यासकांना नेमकं तेच बघायचं असतं. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, त्याला ब्लीचिंग म्हणतात. पांढरं म्हणजे मेलेलं असं नाही, उष्णता लवकर उतरली तर ते सावरतंही. मेलं असेल तर मात्र पुढं त्यावर मळकट शेवाळाची लव चढते. एका फोटोवरून हे कळत नाही, त्याच जागेचा काही महिन्यांनी काढलेला दुसरा फोटो लागतो. म्हणून रंग ताडून बघता यावा यासाठी फ्रेममध्ये एक पांढरी प्लास्टिकची पट्टी धरा, एक फोटो तरी एडिट न करता ठेवा आणि तारीख-जागेसकट आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट आणि ॲप) टाका. व्हॉट्सॲपवरून आलेली कॉपी नको, त्यात फोटो दाबला जातो आणि लोकेशनही उडतं.

उभं राहण्याचं म्हणाल तर तो 'खडक' म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत, वरची कातडी एकदम पातळ. काही गोल प्रवाळं वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे घागरीएवढं व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज, आणि तुमच्या एका डीपीसाठी त्यावर पाय! मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि रीफ (समुद्रातली प्रवाळांची रास) बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळं आठवण म्हणून तुकडा खिशात घालणंसुद्धा गुन्हाच.

कोल्हापूरची गर्दी दर वीकेंडला घाट उतरून तिकडं जाते, तेव्हा बुकिंग करतानाच विचारा, 'बोट पाण्यावर तरंगणाऱ्या बॉयाला बांधता का प्रवाळावर नांगर टाकता? माशांना ब्रेड घालता का?' पैसे देणारं गिऱ्हाईक विचारायला लागलं की बोटवाला बरोबर ऐकतो, बोर्ड लावून कोण ऐकतंय. तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी एकच जागा ठरवून दर सीझनला तिचा फोटो काढला तर अजून बेस्ट.

जायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा, पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं.